प्रकाशापेक्षा वेगवान यान चालते, मग कालप्रवासच का खटकतो?

क्षितिज :
विज्ञानकथांवरच्या मागच्या चर्चेत एका सदस्याने लिहिले होते, की प्रकाशापेक्षा वेगवान यान ही पुढच्या काळातली अभियांत्रिकी आहे आणि कालप्रवास ही परीकथा, म्हणून गंभीर लेखकाने पहिले खुशाल वापरावे व दुसरे टाळावे. त्या मताला माना डोलावणारे इतके जण निघाले, की मला राहवले नाही. आईनस्टाईनचा १९०५ चा सापेक्षता सिद्धान्त मान्य असेल, तर या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत.

हिशेब करून पाहा. प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने एक यान पृथ्वीजवळून जाते आणि त्या क्षणी दोन्हीकडची घड्याळे शून्यावर लावली जातात. पृथ्वीवर १० वर्षे झाली, की तिथून यानाकडे तत्क्षणी पोहोचणारा संदेश जातो. तेव्हा यान ८ प्रकाशवर्षे दूर असते आणि, वेगाने जाणारे घड्याळ मंद चालत असल्याने, त्याच्या घड्याळात ६ वर्षे झालेली असतात. यान लगेच तशाच यंत्राने, यानाच्या दृष्टीने तत्क्षणी पोहोचणारे, उत्तर देते. पण यानाच्या दृष्टीने पृथ्वीच दूर चालली आहे आणि तिचेच घड्याळ मंद आहे, त्यामुळे यानाच्या ६ वर्षांबरोबरचा पृथ्वीवरचा क्षण ३.६ वर्षांचा ठरतो. दहाव्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ६.४ वर्षे आधीच हाती पडते. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड टॉलमन यांनी १९१७ मध्येच हा निष्कर्ष दाखवून दिला होता. वेगवान यानाला हरकत नाही आणि कालप्रवासाला आहे, असे म्हणणाऱ्याने ही गाठ सोडवून दाखवावी.

शून्यप्रहर :
ते मत माझे आहे, आणि ते न सांगता त्यावर एवढे लिहिलेत याचे वाईट वाटले. तुमच्या हिशेबातली सगळी मेख ‘यानाच्या दृष्टीने तत्क्षणी’ या शब्दांत आहे. संदेश कोणाच्या दृष्टीने तत्क्षणी पोहोचतो, हे यान का ठरवेल? विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाची, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या आणि सगळीकडून येणाऱ्या प्रारणाची, एक चौकट (वेग आणि वेळ मोजण्याचा संदर्भ) आहेच, आणि तिच्या तुलनेत आपली सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने जात आहे, हे मोजलेले आहे. लेखकाने एवढेच मानले, की सगळे संदेश आणि सगळ्या उड्या याच चौकटीत तत्क्षणी होतात, तर यानाचे उत्तर कधीही प्रश्नाआधी पोहोचणार नाही. गाठ सुटली. मी तीस वर्षे विज्ञानकथा वाचतो आहे. मला परीकथा आणि विज्ञान यांतला फरक शिकवण्याची गरज नाही.

जुना वाचक :
मला दोघांचेही म्हणणे जुनाट वाटते. १९९४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएर यांनी दाखवले, की यानापुढचा अवकाश आकुंचन पावला आणि मागचा प्रसरण पावला, तर यान भोवतालच्या अवकाशाच्या बुडबुड्यात प्रकाशाला कधीच मागे टाकत नाही. स्थानिक पातळीवर नियम मोडलेलाच नाही, तर मग कार्यकारणभाव मोडण्याचा प्रश्न येतो कुठून?

क्षितिज :
@जुना वाचक, प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तरही दिले गेले आहे. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन एव्हरेट यांनी १९९६ मध्ये दाखवले, की एकमेकांच्या तुलनेत वेगाने जाणाऱ्या दोन चौकटींत असे दोन बुडबुडे वापरले, तर निघण्यापूर्वीच परत पोहोचता येते. यान आत काय करते याला महत्त्व नाही. ते प्रकाशाच्या आधी तिथे पोहोचले, एवढे पुरेसे आहे. शिवाय त्या बुडबुड्याला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा लागते, पण ती अडचण मी लेखकाला माफ करायला तयार आहे.

@शून्यप्रहर, तुमचे नाव मुद्दाम टाळले होते, कारण वाद मताशी होता. विशेष चौकटीची पळवाट चालते, हे मान्य करतो. नाइलाजाने करतो, कारण तिची किंमत तुम्ही सांगितलेली नाही. तशी चौकट खरोखर काम करत असेल, तर एकसमान वेगाने जाणाऱ्या सगळ्या चौकटी सारख्याच, हे सापेक्षतेचे मूळ तत्त्वच त्या कथेत उरत नाही. मी वाचलेल्या कितीतरी कथांत यान निमिषात दुसऱ्या ताऱ्यापाशी जाते आणि पुढच्याच पानावर आईनस्टाईनचा हवाला देऊन वेगाने फिरून आलेला आणि घरी राहिलेला अशा जुळ्या भावांच्या वयांतला फरकही दाखवला जातो. विशेष चौकट मानली आहे, याचा मागमूसही त्यांत नसतो.

नीहारिका :
तुम्ही सगळे ज्या गोष्टीबद्दल बोलत आहात, ती लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून थोडे कडवट लिहिते. माझी मोठी बहीण गेली, त्यानंतर मी एक कथा लिहिली. तिच्यात एक बाई काळात मागे जाऊन आपल्या बहिणीला वाचवू पाहते. एका संपादकांनी ती परत पाठवली आणि आजोबांच्या विरोधाभासाचे (मागे जाऊन आजोबांनाच मारले, तर आपण जन्मणार कसे?) दोन पानी स्पष्टीकरण घालायला सांगितले. मी ते घातले. कथा मेली. वाचकाला ती बाई हवी होती, आकृत्या नव्हत्या. अशा चर्चांमुळेच संपादक असे वागू लागतात.

शून्यप्रहर :
नीहारिका, तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटले. तरीही विचारतो : ती बाई बहिणीला वाचवते का? वाचवत असेल, तर मागे जाण्याचे कारणच नाहीसे होते. माझा कालप्रवासाला विरोध आहे तो याच जागी.

नीहारिका :
माझ्या दुःखाला तर्काचा दाखला जोडावा लागेल, असे वाटले नव्हते. ती वाचवते, आणि जग तिथून दुसऱ्या फांदीने पुढे जाते.

जुना वाचक :
मग तिने आपल्या बहिणीला वाचवलेच नाही. दुसऱ्या फांदीवरच्या, तिला न ओळखणाऱ्या एका बहिणीला वाचवले, आणि स्वतःच्या फांदीवर आई-वडिलांना दोन मुली गमावलेल्या अवस्थेत सोडून आली. कथेत ते आई-वडील आहेत का?

क्षितिज :
कठोर वाटेल, पण हा प्रश्न विचारायलाच हवा होता. दुसरा पर्याय भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांच्या सुसंगततेचा आहे : जे घडले तेच घडेल, आणि मागे गेलेली व्यक्ती त्या घडण्याचाच भाग असेल. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये कृमिविवरातून, म्हणजे अवकाश-काळातल्या दोन जागा जोडणाऱ्या कल्पित बोगद्यातून, मागे येऊन स्वतःलाच धडकणाऱ्या बिलियर्डच्या चेंडूचे गणित केले. चेंडू स्वतःला थोपवेल आणि विरोधाभास होईल, अशी भीती होती. प्रत्यक्षात तो स्वतःला ओझरता धक्का देतो आणि त्या धक्क्यामुळेच तसा वळून येतो, अशी सुसंगत उत्तरे निघाली, तीही एकाहून अधिक. तुमच्या कथेतली बाई बहिणीला वाचवू शकणार नाही. पण बहिणीच्या शेवटच्या रात्री तिचा हात धरून बसलेली ती अनोळखी बाई कोण होती, हे तिला कळेल. संपादकांनी दोन पाने मागायला नको होती, हे मी मान्य करतो. नियम लेखिकेला माहीत असावा, पानावर तो दिसलाच पाहिजे असे नाही.

नीहारिका :
आई-वडील कथेत नव्हते. ही चूक माझी आहे आणि ती मला आज प्रथमच दिसली, तीही ज्यांच्यावर चिडले होते त्यांच्यामुळे. पण फांदी मी सोडणार नाही. मागे राहिलेले आई-वडील लिहीन.

शून्यप्रहर :
फांद्यांच्या जगात विरोधाभास होत नाही, एवढे मीही मान्य करतो; त्याहून अधिक नाही. क्षितिज, तुम्ही विशेष चौकटीच्या किमतीबद्दल बोललात. ती कथेत नेमकी कुठे दिसेल, ते सांगा.

क्षितिज :
सांगतो. विशेष चौकटीच्या तुलनेत प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने एकामागून एक जाणारी दोन याने घ्या. त्यांच्या मोजणीने त्यांच्यात १ प्रकाशवर्ष अंतर आहे आणि त्यांनी आपली घड्याळे प्रकाशाच्या खुणांनी जुळवून घेतली आहेत. मागच्या यानाने पाठवलेला, विशेष चौकटीत तत्क्षणी जाणारा संदेश पुढच्या यानात पोहोचेल, तेव्हा तिथले घड्याळ पाठवण्याच्या वेळेपेक्षा ०.८ वर्षे मागचे दाखवेल. परतीचा संदेश तितकाच उशिरा आल्यासारखा दिसेल, आणि दोन्ही मिळून फरक शून्य होईल. विरोधाभास होणार नाही. पण बाहेर न डोकावता, केवळ या दोन संदेशांवरून, त्या माणसांना आपला निरपेक्ष वेग कळेल. हे ज्या दिवशी त्यांच्या लक्षात येईल, त्या दिवसाची कथा मी अजून कुठे वाचलेली नाही. तुम्ही लिहिणार असाल, तर हिशेब तपासून द्यायला मी तयार आहे.