विषय: बाथरूमची नाहणी तुंबलीय, फरशी फोडू का? (मुलुंड)

प्रेषक: मेधा

मंडळी, तातडीचं आहे म्हणून मंडळाच्या यादीवर सगळ्यांनाच टाकतेय. (हॉलच्या चाव्या शिल्पाकडे आहेत, मला विचारू नका.)

मुलुंडच्या घरी बाथरूममध्ये पाणी साचतंय. एक बादली ओतली तरी पावलं बुडतात आणि उतरायला अर्धा तास लागतो. बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन त्या पाण्यात कसे जाणार?

पहिला प्लंबर म्हणतो, नाहणी ट्रॅपच (जाळीखालचं भांडं) गेलाय. फरशी फोडायची, खालचा कोबा काढायचा, पाइप प्लास्टिकचा टाकायचा, परत वॉटरप्रूफिंग. साठ हजार, आणि आठवडाभर बाथरूम बंद. दुसरा म्हणतो, फरशीला हात लावू नका, डक्टमधली (पाइपांच्या मोकळ्या जागेतली) उभी लाइन जाम आहे, ते सोसायटीचं काम. सेक्रेटरी म्हणतात, पाणी तुमच्या बाथरूममध्ये साचतंय ना, मग खर्चही तुमचाच. वॉचमनने बोलावलेला तिसरा तर ॲसिडची बाटली घेऊनच दारात उभा.

दुसरा मजला, जुनी बिल्डिंग, पाइप सगळे बिडाचे (ओतीव लोखंडाचे). पहिल्याला उद्या ॲडव्हान्स हवाय. काय करू?

मेधा

————

प्रेषक: अविनाश

फोडून टाक. आमच्या डोंबिवलीला आईने "बघू, करू" करत दिवस काढले आणि शेवटी खालच्यांच्या देवघरात गळती सुरू झाली, तीही ऐन गणपतीत. अजून ते आमच्याशी धड बोलत नाहीत. जुनं बीड आतून गंजून निम्मं झालेलं असतं, त्यात कितीही काठ्या घाला. एकदाच काय तो खर्च कर आणि मोकळी हो. टाइल्स मात्र खरखरीत घे, बाबांसाठी.

अविनाश

————

प्रेषक: वसंतकाका (आता मुक्काम पार्ले)

मेधा, ॲडव्हान्स अजिबात देऊ नकोस. अविनाशच्या डोंबिवलीच्या बाथरूमची कथा आम्ही दर पिकनिकला ऐकतो.

आधी जाळी उचल. खाली उलटी वाटी असते, ती काढ. तिच्या कडेने केस आणि साबणाचा राखाडी, बुळबुळीत गोळा जमतो. हातमोजे घालून तो ओढून काढ आणि मग बादली ओत. पाणी झटकन गेलं तर विषय संपला. वाटी परत बसव. तिच्यामुळे साधारण दोन इंच पाणी अडून राहतं आणि त्या पाण्यानेच लाइनीतला वास आणि झुरळं रोखली जातात. पुष्कळ प्लंबर "पाणी जोरात जातं" म्हणून ती काढून फेकतात आणि मग लोक घरभर उदबत्त्या लावत बसतात.

तरीही पाणी उभंच राहिलं तर वरच्यांचं वॉशिंग मशीन पाणी सोडतं तेव्हा नाहणीपाशी उभी राहा. गुडगुड होते का? फेस वर येतो का? येत असेल तर ते पाणी तुमचं नाहीच, वरून उतरलेलं पाणी खाली वाट नाही म्हणून तुमच्याकडे शिरतंय. मग पहिल्या मजल्यावर जाऊन विचार. त्यांच्याकडेही साचत असेल तर अडथळा आणखी खाली किंवा कंपाउंडमधल्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये. त्यांच्याकडे सगळं ठीक असेल तर तो तुमच्या आणि त्यांच्या जोडाच्या मधे कुठेतरी उभ्या पाइपात आहे. अशा वेळी फरशी फोडून काय सापडणार? उलट कोबा एकदा फुटला की जुनं वॉटरप्रूफिंग गेलं, आणि नवीन धड झालं नाही तर पहिल्या मजल्याचं छत गळणार.

आणि ॲसिडवाल्याला घरात घेऊ नकोस. ॲसिड बीड खातं, सिमेंटचे सांधे खातं, जुन्या मोझॅक लाद्यांची चमक घालवतं, आणि केसांचा गोळा बऱ्याचदा तसाच राहतो. कुणी आधी कॉस्टिकची पूड ओतली असेल तर वरून ॲसिड पडल्यावर ते उसळून अंगावर येतं. ब्लीचिंग पावडरीवर पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हे खेळ नकोत.

वसंत

————

प्रेषक: शिल्पा

चाव्या माझ्याकडे नाहीत, श्रीकांतकडे आहेत. कोजागिरीलाच दिल्या.

————

प्रेषक: श्रीकांत

चाव्या आहेत माझ्याकडे, शनिवारी आणतो.

वसंतकाका, आदर ठेवून सांगतो, तुमची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, भांडुपला. मलनिःसारण वेगळं खातं आहे. मुंबईत भरतीच्या वेळी लाइनी तुंबतातच, त्यात पावसाळा. मेधाने सरळ महापालिकेच्या १९१६ नंबरला फोन करून तक्रार नोंदवावी, बाकी डोकेफोड कशाला?

श्रीकांत

————

प्रेषक: वसंतकाका

श्रीकांत, खातं वेगळं असलं म्हणून पाणी वरून खाली वाहायचं थांबत नाही.

भरतीला जे अडतं ते पावसाच्या नाल्यांचं पाणी, कारण त्यांची समुद्राकडची तोंडं बऱ्याच ठिकाणी भरतीच्या पातळीखाली जातात. मुंबईत पावसाच्या पाण्याची आणि मैलापाण्याची व्यवस्था वेगळी आहे. भरतीचं पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या नाहणीत येऊन पहिला मजला कोरडा ठेवेल काय? १९१६ ला जरूर फोन करा, पण रस्त्यातली लाइन भरली असेल तर. कंपाउंडच्या आतलं चेंबर सोसायटीने बघायचं. आणि तिथेही माणूस आत उतरवायचा नाही, वरूनच बांबूच्या पट्ट्या किंवा मशीन. हाताने मैला सफाईवर बंदीचा २०१३ चा कायदा आहे.

वसंत

————

प्रेषक: नीलिमा

खर्चाबद्दल: सेक्रेटरींना सोसायट्यांचे आदर्श उपविधी (नियमावली) उघडायला सांग. सामाईक ड्रेनेज लाइन आणि बाहेरचे सामाईक पाइप यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतली संडास-बाथरूम-सिंकची गळती सभासदाची. "साचतं कुठे" हा निकष कुठेच नाही, बिघाड कुठे आहे ते बघायचं. तोंडी बोलू नकोस. पत्र दे, दोन प्रती, एकीवर पोच घे. माझ्या सासूबाईंनी ठाण्याला निव्वळ पोच-शिक्क्यांच्या जोरावर लिफ्ट दुरुस्त करून घेतली होती. अध्यक्ष त्यांना बघून जिन्याने जायचे.

नीलिमा

————

प्रेषक: अविनाश

नीलिमा, ठाण्याला कुठे? आमचे मेहुणे पाचपाखाडीत फ्लॅट बघतायत. लिफ्ट चालू असलेली सोसायटी हवीय.

————

प्रेषक: मेधा

केलं सगळं. वाटीखालून मुठीएवढा गोळा निघाला, त्यात बाबांच्या औषधाच्या बाटलीचं झाकणही होतं. पाणी किंचित लवकर गेलं, पण थांबलंच. संध्याकाळी वरच्यांचं मशीन सुरू झालं आणि आमच्या नाहणीतून निळसर फेस वर आला. आमच्याकडे तर मशीनच नाही, बाई येतात कपड्यांना. पहिल्या मजल्यावर सगळं कोरडं, चेंबरही वाहतं आहे. म्हणजे काका, मधेच.

सेक्रेटरींना फेस दाखवायला वर आणलं. बघून म्हणाले, "हा तुमचाच साबण असेल."

आता नवी अडचण. डक्टमधल्या उभ्या पाइपाला दार असलेला बेंड (वळणाचा तुकडा) आहे, तिथून पट्टी घालता येईल असं दुसरा प्लंबर म्हणतो. पण त्या दारापर्यंत जायला पहिल्या मजल्याच्या खिडकीतून उतरावं लागतं, आणि त्यांनी त्या खिडकीला कपाट ठोकलंय. काकू म्हणतात, कपाटात दिवाळीची भांडी आहेत, नंतर या.

मेधा

————

प्रेषक: नीलिमा

कपाट हलवायचंही पत्रात घाल. आणि काकूंसाठी काहीतरी गोड घेऊन जा, पत्राआधी.

————

प्रेषक: मंडळ-यादी संचालक

सर्वांना नम्र विनंती: ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. घरदुरुस्तीसाठी वेगळी यादी मागच्या वर्षी सर्वानुमते सुरू केली होती. दिवाळी फराळाच्या ऑर्डरी या धाग्यात टाकू नयेत, हिशेबात गोंधळ होतो. (वसंतकाका, तुमचे अनारसे लिहून घेतले आहेत.)

————

प्रेषक: श्रीकांत

ती वेगळी यादी उघडत नाही, हे मीही मागच्या वर्षीच कळवलं होतं. मेधा, वरच्यांकडे नूतनीकरण झालंय का ते विचार. बिडाच्या पाइपात एवढा अडथळा केसांनी होत नाही.

————

प्रेषक: मेधा

श्रीकांत, बरोब्बर. तिसऱ्या मजल्याने मे महिन्यात बाथरूम नवीन केलं. लादीवाल्याने उरलेलं पांढरं सिमेंट आणि घमेली धुतलेलं पाणी तिथेच नाहणीत सोडलं.

काकूंनी भांडी हलवली (श्रीखंड, अर्धा किलो). प्लंबर आणि त्याचा भाचा डक्टमध्ये उतरले. बेंडचे बोल्ट गंजलेले, रॉकेल टाकून ठोकून काढावे लागले. दार उघडून वरच्या दिशेने बांबूची पट्टी सारली तर हातभरावर टणक लागलं. मग लोखंडी सळईने ठोकत बसले. पापुद्र्यापापुद्र्याने पांढरे तुकडे निघाले, पाइपाच्या आतल्या गोलाईचा आकार घेऊन, मधे केस अडकलेले. एका तुकड्यात लादीच्या फटीत ठेवतात तो प्लास्टिकचा क्रॉस अख्खा होता. तो मी सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवून आले, सोबत नीलिमाने सांगितलेलं पत्र. त्यांनी पोच दिली. बिल साडेचार हजार. सोसायटीने भरायचं आणि तिसऱ्या मजल्याच्या नूतनीकरणाच्या डिपॉझिटमधून वळतं करायचं असं कमिटीसमोर ठेवतायत. तिसरा मजला "आमच्या लादीवाल्याला विचारतो" म्हणतोय, तेव्हा लगेच काही मिळेल असं नाही.

बादली ओतली की आता लगेच जाते. पहिल्या प्लंबरचे अजून फोन येतायत, टाइल्सचा रंग कुठला म्हणून.

मेधा

————

प्रेषक: अविनाश

उत्तम. तरी पाच-सात वर्षांत ते बीड बदलावं लागेलच, लिहून ठेव. त्या दुसऱ्या प्लंबरचा नंबर मिळेल का? डोंबिवलीला परत जरा साचायला लागलंय.

————

प्रेषक: मंडळ-यादी संचालक

नंबर कृपया खाजगीत.

————

प्रेषक: मेधा

अविनाश, विचारलं त्याला. तो ठाण्याच्या पुढे येत नाही.