सर माझ्याशी पोरांमार्फत बोलतात, काय करू?

नवीबाई: जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागून सात महिने झाले. पटावर ३८ मुलं. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. मुख्याध्यापकाचा चार्जही त्यांच्याचकडे. यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती, पोषण आहाराची रोजची ऑनलाइन माहिती, सगळं माझ्या मोबाइलवरून जातं. त्याची तक्रार नाही.

भानगड तांदळावरून झाली. केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब, भेटीला आले होते, सर पोषण आहाराची नोंदवही दाखवत होते. मी डोकावले आणि बोलून गेले, "सर, शनिवारी ३८ कुठे, ३१ मुलं होती." केंद्रप्रमुखांनी नुसतं "हं" केलं. तेव्हापासून सर माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर उभी असताना दुसरीतल्या पोराला म्हणतात, "मॅडमना सांग, चावी खिडकीत ठेवलीय." पोरगा दोन पावलं चालून मला निरोप देतो. स्वयंपाकाच्या मावशी पदर तोंडाला लावून हसतात.

जुनाखडू: बाई, मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सात मुलांचा ७०० ग्रॅम. तुम्ही हजेरी दुरुस्त केलीत, सरांना ऐकू आलं "तांदूळ गेला कुठे?" तेही साहेबांसमोर. त्याचा जाब शेवटी मुख्याध्यापकालाच द्यावा लागतो. मुलं गेल्यावर, मावशीही गेल्यावर बोला. व्हॉट्सअ‍ॅपवर माफी नको.

कडूकारलं: म्हणजे चुकीचा आकडा बघून गप्प बसायचं? वहीत ३८ आणि ऑनलाइन ३१ निघाले तर तपासणीत मॅडमही अडकणार, माहिती त्यांच्याच मोबाइलवरून गेलीय ना. सीनियरांचा मान वगैरे ठीक आहे.

जुनाखडू: गप्प बसा असं कुठे म्हटलं? चूक सांगायचीच, पण साहेब यायच्या आधी. रोज हजेरी झाली की फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि हजर लिहा. वहीत तोच आकडा, मोबाइलवर तोच. मग कोणी कोणाला दुरुस्त करायचा प्रश्नच येत नाही.

नवीबाई: काल शाळा सुटल्यावर थांबले. म्हटलं, "सर, त्या दिवशी मी साहेबांसमोर बोलायला नको होतं." आकड्याचं काहीच काढलं नाही. सर कुलूप लावत राहिले. मग म्हणाले, "शनिवारची हजेरी मी वर्गात न जाताच टाकली होती." एवढंच, आणि गाडीला किक मारून गेले.

आज फळ्यावर लिहिलं: पट ३८, हजर ३४. मावशी तांदूळ मोजायला बसल्या तेव्हा सर दारात आले. सवयीने पोराकडेच वळले होते, मग थांबून म्हणाले, "मॅडम, ३४ ना?"

यू-डायस अजून माझ्याच गळ्यात आहे.