अक्काची सही आणि नाबोथाचा मळा: पाप नेमकं कुठे सुरू होतं?

मुळाकाठचा

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय घेतला. माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मोठं झालं की मरण. १४वं-१५वं वचन. लहानपणापासून पाठ आहे, संडे स्कूलमध्ये त्यावर बक्षीसही घेतलंय. या वेळी मात्र मधेच उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

वडील जाऊन ९ वर्षं झाली. मृत्युपत्र नव्हतं. नेवासा तालुक्यात साडेचार एकर, मुळा कालव्याचं पाणी, ऊस. आम्ही दोघं भाऊ, एक बहीण, आणि आई. वर्षाच्या आत अक्काची हक्कसोडपत्रावर सही घेतली. जबरदस्ती कुणी केली नाही. फोन केला, "अक्का, कागद करायचाय, सोमवारी ये." ती आली. निबंधकांच्या ऑफिसात दीड तास बाकावर बसली. अंगठा दिला, कॅमेऱ्यासमोर बसवल्यावर पदर सारखा केला. नंतर आम्ही तिला साडी घेतली, अकराशेची.

आपल्याला लोभ सुटलाय असं तेव्हा एकदाही वाटलं नाही. पाइपलाइनचं कर्ज मी फेडलं, आईला मी सांभाळतो, अक्काचं लग्न थाटात केलं, दाजींना पगार आहे. यातलं एकही कारण खोटं नव्हतं.

बायबलमधली नाबोथाची गोष्ट (१ राजे, अध्याय २१) परवा परत वाचली. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा कशाला हवा होता? भाजीपाला लावायला. वाड्याला लागून होता, बस. बदल्यात याहून चांगला मळा देतो म्हणाला, नाहीतर रोख घे. व्यवहार म्हणून त्यात वावगं काय? नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन देणार नाही. राजा घरी येऊन तोंड फिरवून पलंगावर पडला, जेवेना. इथपर्यंत नुसता रुसवा. मग ईजबेली राणीने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, राजाचा शिक्का मारला, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी मारलं. शिक्का आणि दोन साक्षीदार आमच्याही कागदावर आहेत. आमचे खोटं बोलले नाहीत, इतकंच.

माझं म्हणणं असं की सहीच्या दिवशी करायचं काही उरलंच नव्हतं. मी कारणं जमवायला बसलो तेव्हाच ते पाप पोटात वाढायला लागलं होतं. चोरी करू नको हे सांगून झाल्यावरही देवाच्या दहा आज्ञांत शेवटी लोभ धरू नको असं वेगळं सांगितलंय, ते यासाठीच असणार.

बावखल

तुमच्याकडे ती शेवटची आज्ञा, आम्हा कॅथलिकांकडे शेवटच्या दोन. नववी आणि दहावी. लोभाला आम्ही जास्त जागा दिलीय म्हणा ना. 😀

पण मुद्दा पटला नाही. इच्छा मनात आली म्हणजे पाप झालं, असं आमची चर्चसभा मानत नाही. आमच्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ सालीच हे स्पष्ट केलं: बाप्तिस्म्यानंतरही माणसात वासना उरते, ती पापातून आलेली असते, पापाकडे ओढते, पण ती स्वतः पाप नव्हे. लूथरच्या बाजूचे, म्हणजे प्रोटेस्टंट लोक म्हणत होते की ती खरोखरच पाप आहे. तुम्ही त्यांच्या परंपरेतले, म्हणून तुम्हाला पहिल्या विचारापासूनच अपराधी वाटतंय.

आमच्या वसईत केळीच्या वाडीला गिऱ्हाईक आलं की घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात आकडा येतो. माझ्याही येतो. आकडा आल्याबद्दल पापनिवेदनाला जाऊन बसायचं ठरवलं तर फादरांना जेवायलाही उठता येणार नाही. आकड्याला हो म्हणतो तिथे पाप. याकोबही तेच म्हणतो की: आधी ओढ, मग गर्भ, मग जन्म. मधे जागा आहे. त्या जागेत माणूस नाही म्हणू शकतो.

मुळाकाठचा

जागा आहे हे मान्य. पण त्या जागेत मी ८ महिने राहिलो आणि तिथे बसून फक्त हिशोब केला.

तर्कट

मी नास्तिक, तरी वाचतोय. अकराशेची साडी हे या धाग्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य. बाकी पाप, वासना, गर्भ हे शब्द काढून टाका, काय उरतं? एका माणसाने दुसऱ्याचा मालकीहक्क स्वस्तात घेतला. त्याला देव लागत नाही, सातबारा पुरतो. चर्चबाहेर उभं राहून डोळे पुसल्याने अक्काचं नाव त्यावर चढत नाही. तुमच्याच पुस्तकात तो जक्कय आहे ना, जकातदारांचा मुख्य? अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. बोला, चौपट देताय?

साखरवाडी

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हीच साखळी आहे. विषयांचं चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, पुढे थेट बुद्धिनाश. नावं वेगळी, रोग एकच.

तिसरी_लेक

सगळे पुरुष दिसताय.

मुळाकाठचे दादा, तुम्ही स्वतःच्या इच्छेवर एवढं लिहिलंत, बावखल यांनी ट्रेंटपर्यंत नेलं. अक्काला काय हवं होतं? पदर आहे, साडी आहे, अंगठा आहे, तिची इच्छा कुठेच नाही. मी शेवगावकडची, आम्ही चार बहिणी एक भाऊ. वाटा मागितला तेव्हा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला हेच याकोबाचं वचन काढून दाखवलं. वर लूकचा बारावा अध्याय: एकजण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांग, आणि येशू म्हणतो, मला न्यायाधीश कुणी नेमलं, लोभापासून जपा. झालं! मागणारी लोभी.

पण पुढे वाचा ना. लगेच जो दृष्टांत येतो तो मागणाऱ्याचा आहे का? कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या श्रीमंताचा आहे. ज्याच्याकडे सगळं साठलंय त्याचा. आणि बायबलातल्या गणना पुस्तकाचा २७वा अध्याय आमच्याकडे कुणी प्रवचनाला घेतलेला मी ऐकला नाही. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. सलाफहादाच्या पाच लेकी. वाळवंटात, सगळ्या मंडळीदेखत मोशेसमोर उभ्या राहिल्या की बापाला मुलगा नाही म्हणून आमचं वतन का बुडावं? मोशेने देवाला विचारलं. देव म्हणाला, या मुली बरोबर बोलतात.

म्हणून तुमचं ते "कारणं जमवायला बसलो तेव्हाच पाप" मला अर्धंच पटतं. पाचजणींनीही कारणं जमवलीच होती. अहाबाची इच्छा आणि त्यांची इच्छा, दोन्ही जमिनीचीच. अहाबाकडे शिक्का होता. कुणाच्या इच्छेला शिक्का मिळतो आणि कुणाच्या इच्छेला स्वार्थ म्हणतात, ते आधी बघा. मग वासनेवर बोलू.

बावखल

ताई, मान्य. आणि येशूलाही इच्छा होतीच. शेवटच्या भोजनाच्या वेळी तो शिष्यांना म्हणतो की हे तुमच्याबरोबर खावं अशी मला फार उत्कंठा होती. याकोबाने वासना म्हणून वापरलेला ग्रीक शब्द आणि हा शब्द मुळात एकच. मराठीत आपण त्याला एकदा वासना केलं आणि एकदा उत्कंठा.

कोर्टकचेरी

थोडं कायद्याचं. कुटुंब ख्रिस्ती असेल तर हिंदू वारसा कायदा लागू नाही, भारतीय वारसा अधिनियम १९२५ लागतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश, उरलेलं मुलांत सारखं. मुलगा-मुलगी भेद नाही. (त्रावणकोरच्या ख्रिस्ती लोकांसाठी १९१६चा वेगळा कायदा होता, मुलीला मुलाच्या वाट्याच्या पाव किंवा ५००० रुपये, जे कमी असेल ते. तो लागू राहणार नाही असा निकाल सुप्रीम कोर्टाने १९८६ साली मेरी रॉय यांच्या खटल्यात दिला.)

तुमच्या साडेचार एकरांत आईचा दीड. राहिले तीन, तीन मुलं. म्हणजे अक्काचा बरोब्बर एक एकर. आणि एक विचारू का? सगळी जमीन तुम्हा दोघांच्या नावावर असेल तर आईचीही सही झाली असणार.

मुळाकाठचा

झाली. त्याच दिवशी, त्याच बाकावर. वर आईबद्दल लिहायचं माझ्या लक्षातही आलं नाही, हे आता तुमचं वाचून कळलं.

काल रात्री अक्काला फोन केला. तिसरी_लेक म्हणाल्या तेच विचारलं, तुला काय हवं होतं? बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, जमिनीचं राहू दे. साडी तिने नणंदेला देऊन टाकली होती. म्हणाली, "त्या दिवशी तू मला स्टँडवर सोडलंस आणि गाडी वळवून गेलास. घरी चहाला चल म्हणाला नाहीस." मला हे अजिबात आठवत नाही.

तर्कट, चौपट माझ्याकडे नाही. एक एकर आहे. कोर्टकचेरी, अर्धा माझ्याकडून, अर्धा धाकट्याकडून असा द्यायचा तर बक्षीसपत्र करावं लागेल का? माझ्या अर्ध्याचं मी करीन. धाकट्याशी अजून बोललेलो नाही. तो काय म्हणेल ते मला शब्दाशब्दाला माहीत आहे. पाइपलाइन, आई, लग्न, दाजींचा पगार. सगळं मीच त्याला पढवलेलं आहे.