स्वयंसेवकांच्या हजेरीसाठी साधा डेटाबेस : आपले अनुभव लिहा

मुंबईतल्या लहान सेवाभावी संस्थांमध्ये स्वयंसेवकांची हजेरी आधी वहीत असते, मग एक्सेलमध्ये जाते आणि एक्सेल आवरेनासे झाले की कोणीतरी डेटाबेसचा विषय काढतो. हा बदल ज्यांनी प्रत्यक्ष केला आहे त्यांनी कोणते रकाने ठेवले, कोणते काढून टाकले आणि काम कुठे अडले, ते सविस्तर लिहावे. विकतच्या सॉफ्टवेअरची तुलना येथे नको. एका संगणकावर, फुकट साधनांत आणि प्रोग्रॅमर नसलेल्या माणसाला सांभाळता येईल एवढ्यापुरतेच बोलू. सुरुवात मी करतो.

परळ, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मदतकेंद्र

आमच्याकडे सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन पाळ्या असतात. एक्सेलमधल्या हजेरीपटात डावीकडे नावे आणि वर तारखा होत्या. तो वाचायला सोपा होता, पण एखाद्याने एकाच दिवशी दोन्ही पाळ्या केल्या की एकाच चौकटीत दोन खुणा कराव्या लागत आणि मग बेरीज जुळत नसे. एसक्यूलाइट या फुकट डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आम्ही तीन टेबले (तक्ते) केली : स्वयंसेवक, पाळी आणि हजेरी. हजेरीच्या टेबलात नाव नसतेच. कोणत्या क्रमांकाचा स्वयंसेवक कोणत्या क्रमांकाच्या पाळीला आला, एवढे सांगणारी एक ओळ असते. या दोन क्रमांकांची जोडी पुन्हा येऊ द्यायची नाही अशी अट घातल्यामुळे, दोघांनी एकाच माणसाची हजेरी भरली तरी दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो. महिनाभरात अजिबात न आलेल्यांची यादी पूर्वी डोळ्यांनी शोधावी लागे, आता ती एका क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) मिळते आणि त्याच संध्याकाळी फोन करता येतात. एका उपस्थितीला एक ओळ हे तत्त्व पाळले तर सॉफ्टवेअर कोणते वापरावे हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे.

विलेपार्ले, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजना

वरील रचना आम्हाला जवळजवळ तशीच चालली, मात्र आमचा प्रश्न आला किंवा नाही एवढाच नसून किती तास, असा आहे. रासेयोच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तास सेवाकार्य करावे लागते आणि प्रमाणपत्रासाठी ते पूर्ण असावे लागतात. म्हणून हजेरीच्या ओळीत येण्याची आणि जाण्याची वेळ असे दोन रकाने वाढवले. जाण्याची वेळ नोंदवायची राहिली तर तेथे पाळी संपण्याची वेळ आपोआप भरावी असे काही सहकाऱ्यांचे मत होते. मी त्याला ठाम विरोध केला. रिकामी जागा रिकामीच राहावी आणि अशा अर्धवट नोंदींची यादी दर सोमवारी निघावी, म्हणजे विद्यार्थ्याला विचारून ती पूर्ण करता येते. आपोआप भरलेला आकडा खऱ्या आकड्यासारखाच दिसतो आणि वर्षअखेरीस तो ओळखण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. रविवारी मेगाब्लॉक असला की निम्मा गट उशिरा पोहोचतो, त्यामुळे येण्याची वेळसुद्धा प्रत्येकाची वेगळी लिहावी लागते.

ओळख पटवण्याचे काम मात्र अपेक्षेपेक्षा कठीण गेले. एकाच नावाचे आणि आडनावाचे दोन विद्यार्थी दर वर्षी असतातच, आणि एकाच मुलीचे नाव तीन ठिकाणी तीन प्रकारच्या स्पेलिंगने लिहिलेले असते. मोबाइल क्रमांकावरून ओळखावे म्हटले तर दोन भावंडांनी आईचाच क्रमांक दिलेला असतो आणि पुढच्या वर्षी तो बदलतो. शेवटी आम्ही आमचाच अनुक्रमांक दिला आणि तो ओळखपत्रावर ठळक छापला.

वर्सोवा, किनारा स्वच्छता

आमच्या कामाची वेळ ओहोटी ठरवते, त्यामुळे काही रविवारी पहाटे पाचलाच हातमोजे वाटप आणि नोंदणी सुरू होते. नोंद करताना तारीख आपोआप पडावी म्हणून एसक्यूलाइटची आजची तारीख देणारी सोय वापरली, तर पहिल्या काही जणांची हजेरी शनिवारची आणि उरलेल्यांची रविवारची दिसू लागली. ही सोय भारतीय वेळ देत नाही, जागतिक प्रमाणवेळ देते. आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असल्यामुळे पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद आदल्या दिवशी जाते. आज्ञेत 'लोकलटाइम' हा शब्द घातला की प्रश्न सुटतो. दिवसा काम करणाऱ्यांना हे कधी जाणवणारही नाही, पण सूर्योदयापूर्वी काम करणाऱ्या संस्थांनी आवर्जून तपासावे.

गिरगाव, वाचनालय

आम्ही सही वहीतच घेतो आणि आठवड्यातून एकदा संगणकात भरतो. ज्येष्ठ कार्यकर्त्यांना सही करण्यात आनंद वाटतो आणि मला तो काढून घ्यायचा नाही. जुनी यादी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेली होती. ती डेटाबेसमध्ये घेतल्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोळा दिसला. नावे पुन्हा टाइप करणे हाच आम्हाला जमलेला उपाय.

गोवंडी, संध्याकाळची अभ्यासिका

आम्ही दारावर क्यूआर कोड लावून गुगल फॉर्म भरून घेत होतो. त्या कोडचा फोटो व्हॉट्सॲप गटावर गेला आणि काही जण घरबसल्या हजर होऊ लागले. आता स्वयंसेवकाने स्वतःची हजेरी लावायची नाही, केंद्रप्रमुखाने समोर माणूस पाहून लावायची, असा नियम आहे. आमच्याकडे लहान मुले येतात, त्यामुळे कोणत्या दिवशी कोणत्या वेळेत मुलांबरोबर नेमके कोण होते, याचे उत्तर एखादी पालक विचारेल तेव्हा त्याच क्षणी देता आले पाहिजे. आमच्या दृष्टीने हजेरीचा पहिला उपयोग हा आहे, कौतुकाची प्रमाणपत्रे त्यानंतर.

माहिती किती घ्यावी यावरही लिहिते. आमचे काही स्वयंसेवक अकरावी-बारावीचे आहेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली आहे. आम्ही संमतिपत्र मिळाल्याची तारीख हा रकाना ठेवला आणि आधार क्रमांकाचा रकाना काढून टाकला, कारण हजेरीसाठी तो कधीच लागला नव्हता.

बोरिवली, व्यवसायाने प्रोग्रॅमर

तांत्रिक बाजूच्या दोन गोष्टी सांगतो. परळच्या रचनेत हजेरीच्या ओळीतला क्रमांक स्वयंसेवकांच्या टेबलात असलाच पाहिजे, असे बंधन घालता येते. परंतु एसक्यूलाइटमध्ये ते मुळात बंद असते आणि प्रत्येक वेळी डेटाबेसशी जोडणी करताना चालू करावे लागते. अन्यथा अस्तित्वात नसलेल्या माणसाची हजेरीही मुकाट स्वीकारली जाते. दुसरे, डेटाबेसची चालू फाइल गुगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या (इंटरनेटवरच्या प्रतीशी आपोआप जुळवल्या जाणाऱ्या) फोल्डरमध्ये ठेवून दोन संगणकांवरून उघडू नका. फाइल बिघडण्याचा हा राजमार्ग आहे. नोंद एकाच संगणकावर करावी आणि काम संपल्यावर फाइल बंद करून तिची प्रत ड्राइव्हवर टाकावी. प्रतीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला तर प्रती आपोआप क्रमाने लागतात.

मुलुंड, वृद्धांसाठी भेटीचा उपक्रम

पावसाळ्याचा मुद्दा राहिला. जुलैमध्ये लोकल बंद पडली की आमची पाळी होतच नाही, आणि नियमित येणारे सगळे त्या दिवशी गैरहजर दिसतात. म्हणून पाळीच्या टेबलात 'झाली' किंवा 'रद्द' असा एक रकाना आणि कारणासाठी दुसरा ठेवला. उपस्थितीची टक्केवारी काढताना रद्द पाळ्या वगळल्या जातात. घरून निघून दादरपर्यंत येऊन परत गेलेल्यांचे काय करायचे, यावर मात्र आमच्या समितीत अजून एकमत नाही. सध्या त्यांची नोंद शेऱ्यात होते, तासांत नाही.