ऑबर्लिनला मुलांसह राहायला जातोय – छोट्या कॉलेजगावातलं बालपण नेमकं कशानं घडतं?

केतकीबन (प्रश्न)
ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून ओहायोतल्या ऑबर्लिनला जातोय, निदान चार वर्षांसाठी. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ११ चा. गावाची वस्ती साडेआठ हजारांच्या आसपास, त्यात कॉलेजचे विद्यार्थीच तीन हजारांच्या घरात. तिथे लहानाचे मोठे झालेले लोक गावाविषयी फार मायेनं बोलतात. ती माया कशाची, ते जाणकारांकडून हवंय. "छान गाव आहे" एवढ्यावर भागणार नाही. मुलांना कुठे, कधी, कसं न्यायचं, सोबत काय ठेवायचं, आणि कुठे फसायला होतं, हे सांगा. मुलगी व्हायोलिन शिकते, मुलगा तबला.

रानपिंगळा
मायेचं कारण हे की तिथलं नऊ-दहा वर्षांचं पोर एकटं घराबाहेर पडू शकतं आणि जिथे जाईल तिथे त्याला आत घेतलं जातं. गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं पंधरा-वीस मिनिटांचं. मधोमध टॅपन स्क्वेअर नावाचं १३ एकरांचं मोकळं मैदान आहे. एका बाजूला दुकानं, बाकी बाजूंना बहुतेक कॉलेजच्या इमारती. पूर्वी या मैदानातही कॉलेजच्या इमारती होत्या. माजी विद्यार्थी चार्ल्स मार्टिन हॉल यांनी मृत्युपत्रात कॉलेजला मोठी देणगी ठेवली, आणि मैदान मोकळं राहावं ही अट घातली. म्हणून आज तिथे झाडं, पायवाटा आणि एक बँडस्टँड आहे.

मुलांसाठी तिथे पहिलं आकर्षण पांढऱ्या खारींचं. आपल्या रेघांच्या खारीपेक्षा ही चांगलीच मोठी असते. सकाळी सात ते नऊ आणि उन्हं कलल्यावर हमखास दिसते, भर दुपारी शोधू नका. पानगळीनंतर, नोव्हेंबरात, फांद्या उघड्या पडल्या की सगळ्यात सोपं.

दुसरं म्हणजे मैदानातले रंगवायचे मोठे दगड. कुणीही रंगवावेत, वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहाव्यात, निषेध लिहावा. बाहेरच्या भिंतींचा पाण्यात मिसळणारा रंग घ्या. एका बाजूच्या पांढऱ्या पायासाठी साधारण लिटरभर, अक्षरांसाठी दोन-तीन लहान डबे. हवा १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर रंग नीट धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून एप्रिलअखेर ते ऑक्टोबर हाच काळ. पाया वाळायला चार तास द्या, नाहीतर अक्षरं ओघळतात. कुणाचं ताजं लिखाण दिसलं तर एक-दोन दिवस थांबावं, हे सौजन्य मुलांना आधीच सांगून ठेवा.

आणि मेअखेरीला, पदवीदानाच्या दिवसांतल्या एका संध्याकाळी, याच मैदानात झाडांमधून कागदी कंदील लावतात. त्याला 'इल्युमिनेशन' म्हणतात. आकाशकंदील बघत वाढलेल्या मुलांना ते लगेच आपलं वाटेल. अंधार पडायला त्या दिवसांत नऊ वाजतात, म्हणून धाकटीला दुपारी थोडं झोपवा. चादर, स्वेटर आणि डासांचं मलम लागतंच.

गोधडी
संगीताबद्दल. इथली कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीत महाविद्यालय, १८६५ पासूनची. वर्षाला पाचशेहून जास्त कार्यक्रम होतात, आणि बहुतेक फुकट. मुलांना सुरुवातीलाच मोठ्या ऑर्केस्ट्राला नेतात ही नेहमीची चूक. दोन तास बसवणं जड जातं, मग मूल "कंटाळा" हा एकच शब्द शिकतं. आधी विद्यार्थ्यांच्या रिसायटलला (छोट्या वादनाच्या कार्यक्रमाला) न्या. तासाभराचा मामला, सभागृह अर्धं रिकामं, वाजवणारा वीस-बावीस वर्षांचा. पहिली दोन-तीन तालवाद्यांची किंवा ब्रासची (पितळी फुंकवाद्यांची) निवडा, कारण तिथे बघायलाही भरपूर असतं.

बसायचं ते कडेच्या रांगेत, दाराजवळ. पियानो असेल तर प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, म्हणजे वाजवणाऱ्याची बोटं दिसतात. कार्यक्रमपत्रिकेत रचनेचे भाग मोजायला मुलांना शिकवा. चार भाग छापले असतील तर टाळ्या चौथ्यानंतर. आपल्याकडे समेवर दाद देतात तशी इथे मध्येच देत नाहीत, आणि हे माहीत नसलं की मुलं ओशाळतात. बाहेर पडायचं झालं तर दोन भागांच्या मधल्या विरामात.

फिनी चॅपल (१९०८) हे मोठं सभागृह, वॉर्नर हॉल त्याहून लहान आणि ऐकायला फार सुंदर. बाहेरून नामवंत कलाकार येतात ती आर्टिस्ट रिसायटल मालिका १८७८ पासून चालू आहे. तिला तिकीट असतं. मुलगा मोठा झाला की फिनीतला 'ऑर्गन पंप' दाखवा. रात्री उशिरा होतो, विद्यार्थी रंगमंचावर आडवे पडून ऑर्गनची कंपनं अंगावर घेतात. आठ वर्षांच्या मुलीसाठी तो नाही.

शिकवणीसाठी कॉन्झर्व्हेटरीचे विद्यार्थी मिळतात, आणि मुलांशी त्यांचं जमतंही छान. फक्त शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी घेऊ नका. तो मे महिन्यात निघून जातो आणि मूल अर्ध्यावर राहतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा घ्या, आणि जाण्यापूर्वी त्यानंच पुढचा शिक्षक सुचवावा हे आधीच ठरवा.

चिमणचारा
गोधडीताईंनी लिहिलंय त्यात कलेची भर घालते. ॲलन मेमोरियल म्युझियम १९१७ चं, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. मोनेचं चित्र आहे, किर्शनरचं १९१५ चं सैनिकाच्या वेशातलं आत्मचित्र आहे, जपानी छापचित्रांचा मोठा संग्रह आहे. प्रवेश फुकट म्हणून एकदाच सगळं बघायचा मोह टाळा. वीस मिनिटं, दोन चित्रं, बस्स. पुढच्या आठवड्यात परत जायचं. चित्र काढायला फक्त पेन्सिल न्या, पेन चालत नाही. पाठीवरची सॅक दारात ठेवावी लागते.

सत्राच्या सुरुवातीला तिथून विद्यार्थी मूळ कलाकृती भाड्यानं घरी नेतात, एकीला ५ डॉलर, जास्तीत जास्त दोन. पिकासोची छापचित्रंसुद्धा त्यात असतात. एलन जॉन्सन या कलेतिहासाच्या प्राध्यापिकेनं १९४०च्या दशकात ही पद्धत सुरू केली. पहिला नंबर लागावा म्हणून मुलं आदल्या रात्रीपासून तंबू ठोकून बसतात. त्या सकाळी मुलांना मुद्दाम घेऊन जा. चौकटी छातीशी धरून रस्त्यानं चाललेली पोरंपोरी बघितली की चित्र म्हणजे कुलपातली वस्तू, ही समजूतच उरत नाही.

मुलगा ११ चा आहे, तर त्याला हॉलचं ॲल्युमिनियम दाखवाच. रानपिंगळा यांनी लिहिलेला मृत्युपत्रवाला हॉल तो हाच. २३ फेब्रुवारी १८८६ ला, वयाच्या २२ व्या वर्षी, घराच्या लाकूडखोलीत त्यानं वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) विरघळवून त्यातून वीज सोडली आणि धातू मिळवला. बॅटऱ्या घरी जुळवलेल्या, मदतीला बहीण ज्युलिया. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एरू या संशोधकानंही स्वतंत्रपणे तेच साधलं. ॲल्युमिना नुसता वितळवायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. क्रायोलाइटमुळे ते काम हजाराच्या खाली-वर होतं, सगळी युक्ती तिथे आहे. ईस्ट कॉलेज स्ट्रीटवरचं घर बाहेरून बघता येतं. प्रयोगाची मांडणी ऑबर्लिन हेरिटेज सेंटरच्या ज्युएट हाउसमध्ये आहे. जाताना पोळ्यांचा ॲल्युमिनियमचा डबा सोबत न्या. हा धातू एकेकाळी चांदीच्या तोलाचा होता हे मुलाला मग वेगळं समजावावं लागणार नाही.

दगडूशेट_नव्हे
'उदारमतवादी गाव' हे विशेषण हल्ली कशालाही लावतात. इथे त्याला तारखा आहेत, आणि मुलांनी त्या चालत शिकाव्यात. गाव आणि कॉलेज दोन्ही १८३३ ची. १८३५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचं ठरलं. १८३७ मध्ये चार मुली पुरुषांच्याच पदवी अभ्यासक्रमाला बसल्या, त्यांतल्या तिघी १८४१ मध्ये पदवीधर झाल्या. पुण्यात सावित्रीबाईंची शाळा १८४८ ची. मुलांना हे दोन्ही एका वहीत लिहायला सांगा.

चालण्याचा क्रम असा. साउथ प्रोफेसर स्ट्रीटवर, टॅलकट इमारतीजवळ, जमिनीतून वर आलेले रेल्वेचे रूळ दिसतील. गुलामगिरीतून पळून येणाऱ्यांच्या गुप्त वाटेचं, म्हणजे 'अंडरग्राउंड रेलरोड'चं, हे स्मारक, १९७७ चं. रूळ वर जातात पण गाडी नाही. मुलांना आधी विचारा, असं का असेल, आणि मगच सांगा की त्या 'रेल्वे'ला रूळ नव्हतेच, माणसं होती. तिथून पूर्वेला ईस्ट व्हाइन स्ट्रीटवरच्या मार्टिन ल्यूथर किंग पार्कमध्ये जा. सप्टेंबर १८५८ मध्ये गुलामगिरीतून पळून आलेल्या जॉन प्राइस या तरुणाला गुलाम पकडणाऱ्यांनी वेलिंग्टनला नेलं, तेव्हा ऑबर्लिनच्या आणि वेलिंग्टनच्या लोकांनी जाऊन त्याला सोडवलं. खटला ३७ जणांवर भरला गेला. त्याचं स्मारक तिथे आहे. शेवटी हेरिटेज सेंटरच्या आवारातली १८३६ ची छोटी लाल शाळा. जुने बाक, पाट्या, आणि त्या काळातही गोऱ्या-काळ्या मुलांची एकत्र शाळा.

एका दमात करू नका, आठ वर्षांच्या मुलीला दोन ठिकाणं पुरेत. सेंटरच्या आतल्या फेऱ्या वेळ ठरवून होतात, आधी चौकशी करा.

पायवाट
सायकल. गावातून नॉर्थ कोस्ट इनलँड ट्रेल जाते, जुन्या रेल्वेमार्गावरची डांबरी वाट. पूर्वेला एलिरिया, पश्चिमेला किप्टन. मुलांची पहिली मोठी सफर किप्टनची करा, एका बाजूनं साधारण ८ किलोमीटर, जवळपास सपाट. वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, म्हणजे जाताना समोरून आणि येताना पाठीमागून. हे बरंच आहे. उलटं झालं तर दमलेली मुलं परतीला रडकुंडीला येतात. किप्टनला १८९१ मध्ये दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. चालकाचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून परत सुरू झालं होतं, असं सांगतात. त्यानंतर वेब बॉल या घड्याळवाल्यांनी रेल्वेच्या घड्याळांसाठी कडक नियम आणले. सायकल बिघडली तर गावात कीप कॉटेजच्या तळघरात विद्यार्थ्यांची सायकल सहकारी संस्था आहे. ते दुरुस्त करून देत नाहीत, स्वतः करायला शिकवतात. मोठ्याला न्याच. सत्र चालू असतानाच उघडी असते.

आता महत्त्वाचं. ट्रेलच्या कडेला आणि आर्बोरेटममध्ये (वृक्षउद्यानात) पॉयझन आयव्ही नावाची विषारी वेल असते. एका देठावर तीन पानं, मधल्या पानाचा देठ लांब, वेलीच्या जुन्या खोडावर केसाळ मुळ्या. ही बिब्ब्याच्या आणि आंब्याच्याच कुळातली. बिब्बा उततो तसंच अंग उततं. स्पर्श झाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत साबण लावून, घासून, भरपूर गार पाण्यानं धुतलं तर बऱ्याचदा निभावतं. नुसतं पाणी नको, तेलकट चीक साबणाशिवाय निघत नाही. कपडे, बुटाच्या नाड्या, सायकलचं हँडल हेही धुवा, नाहीतर आठवड्यानं परत पुरळ येतं आणि कारण सापडत नाही. वाळकी वेल कधीही जाळू नका, धूर फुप्फुसात जातो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे गोचीड बघायची. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही.

रानपिंगळा
एक गोष्ट राहिली, आणि खरी अडचण हीच. गाव कॉलेजच्या घड्याळावर चालतं. जून ते ऑगस्ट रस्ते ओस, कार्यक्रम मोजके. जानेवारीत विद्यार्थ्यांचं 'विंटर टर्म' (हिवाळी सत्र) असतं, बरेच जण बाहेर असतात. आणि दर जूनला कुणा ना कुणा पाहुण्या प्राध्यापकाचं कुटुंब गाव सोडतं, त्यात मुलांचा जिवलग मित्र असतो. मुलांनी सगळी मैत्री कॉलेजच्या घरांतच केली तर दर वर्षी ओंजळ रिकामी होते. शाळेतली, ग्रंथालयातली, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या घरांतली मुलंही सोबतीला हवीत. गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची मुळं तिथे दीडशेहून जास्त वर्षांची आहेत. जूनमध्ये जूनटींथचा, म्हणजे गुलामगिरीच्या अंताचा, उत्सव होतो, त्याला जा.

केतकीबन
सगळ्यांचे मनापासून आभार. वाद्यांचं एकच विचारते. व्हायोलिन इथूनच घेऊन जावं का? आणि तबल्याला तिथली थंडी सोसते का?

गोधडी
व्हायोलिन तिथे भाड्यानं घ्या, मूल वाढलं की आकार बदलून मिळतो. माप असं: हात सरळ पुढे करून मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत. ४७ ते ५१ सेंटिमीटर भरलं तर पाव, ५१ ते ५६ तर अर्धं. मधे असेल तर लहान आकार घ्या. मोठा घेतला की खांदा वर चढतो आणि ती सवय सुटायला वर्ष जातं.

थंडीपेक्षा वैर कोरड्या हवेचं. नोव्हेंबर ते मार्च हीटर चालू असतो, घरातली आर्द्रता ३० टक्क्यांखाली जाते. व्हायोलिनच्या खुंट्या सैल होतात, सांधे उघडतात. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि खोलीत ह्युमिडिफायर लावून ४० ते ५० टक्के राखा. तबल्याची पुडी (तोंडावरचं चामडं) कोरडी पडून ताणते, सूर चढतो, आणि शाईजवळ भेगा जातात. म्हणून वाजवून झालं की वादीखालचे लाकडी गठ्ठे थोडे वर ठोकून ताण उतरवायचा, वर सुती आच्छादन, मग गादीची पिशवी, आणि जोडी हीटरच्या झरोक्यापासून खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पुडीला पाणी लावू नका, शाई सुटते. एक जादा पुडी पुण्याहूनच न्या, दायाँचं तोंड मोजून. ऑबर्लिनमध्ये ती मिळणार नाही.

क्लीव्हलँड साधारण ५५ किलोमीटरवर आहे. ईस्टरच्या सुमाराला तिथे १९७८ पासून त्यागराज आराधनेचा मोठा उत्सव होतो. कर्नाटक संगीत आहे, पण मृदंगाची तनी आवर्तनं (तालवाद्याचं स्वतंत्र वादन) तबला शिकणाऱ्या मुलाला जरूर ऐकवा. तारखा जानेवारीतच बघून ठेवा.