लहान गाडी की मोठी एसयूव्ही? आपापले अनुभव सांगा

आमची वॅगनआर आता अकरा वर्षांची झाली. सीएनजीवर १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. एकदा क्लच प्लेट बदलली, एकदा अल्टरनेटर गेला, बाकी तक्रार नाही. मार्चमध्ये घराचा शेवटचा हप्ता फिटला आणि त्या रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, आता फॉर्च्युनर घेऊ या." आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीला आहोत, कर्ज काढलं तर जमेल. म्हणून मीही गंभीरपणे विचार करायला लागलो.

शोरूममध्ये जाऊन आलो. गाडी सुरेखच आहे, त्यात वाद नाही. २८०० सीसीचं डिझेल इंजिन, आणि वरून सगळा रस्ता पायाखाली दिसतो. पण कागदावर आकडे मांडले तेव्हा जरा थबकलो. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीवर जीएसटी १८ टक्के आणि या गाडीवर ४० टक्के. २० लाखांच्या वरची डिझेल म्हणून रोड टॅक्स १५ टक्के. इन्शुरन्समधला नुसता थर्ड पार्टीचा तीन वर्षांचा हप्ता १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १५०० सीसीच्या वर २४,५९६. ऑन-रोड किंमत ४० लाखांच्या पुढे जाते.

पैशांपेक्षा दुसरीच एक गोष्ट डोक्यातून जात नाही. शोरूममध्ये आई माझ्यासोबत होती. तिने एक पाय फूटस्टेपवर ठेवला, वरची कडी धरली आणि तशीच उभी राहिली. दुसरा पाय वर येईना. सेल्समन मुलगा भला होता, हात द्यायला धावला. आई खाली उतरली आणि म्हणाली, "मी नंतर बसेन, तुम्ही चक्कर मारून या."

सल्ला नको, सल्ले भरपूर मिळालेत. ज्यांनी लहान किंवा मोठी गाडी घेतली आणि चार-दोन वर्षं वापरली, त्यांनी काय झालं ते सांगा. चूक झाली असेल तर तीही सांगा. (पुणे, कोथरूड)

*

चिंचवडहून

मी २०२१ मध्ये डिझेल एसयूव्ही घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, माझी होती. माझं ऑफिस घरापासून सात किलोमीटर. सकाळी सात किलोमीटर, संध्याकाळी सात किलोमीटर, सगळे सिग्नल आणि मेट्रोचं काम. आठ महिन्यांतच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम आला, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक जाळी असते, डीपीएफ. धुरातली काजळी तिच्यात अडकते आणि गाडी सलग वेगात धावली की आतली उष्णता वाढून ती जळून जाते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं मोकळा रस्ता लागतो. माझी गाडी तापायच्या आतच ऑफिस यायचं. काजळी साचत गेली. साफ करायच्या प्रयत्नात गाडी जास्तीचं डिझेल सोडते, ते इंजिन ऑइलमध्ये उतरतं. सर्व्हिस सेंटरमधल्या मेकॅनिकने डिपस्टिक काढून माझ्यासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता.

पुढची दोन वर्षं मी दर रविवारी गाडीला "फिरवून" आणायचो. द्रुतगती मार्गावर सोमाटण्याहून लोणावळ्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. कामासाठी गाडी घेतली होती आणि गाडीसाठी मी काम करत होतो. मागच्या वर्षी विकून पेट्रोल हॅचबॅक घेतली. ज्यांचं रोजचं अंतर कमी आहे त्यांनी डिझेलच्या वाटेला जाऊ नये, गाडी कितीही मोठी असो. विकत घेताना हे मला कुणीही सांगितलं नाही. शोरूममध्ये पहिला प्रश्न खरं तर हाच असायला हवा: रोज किती चालणार?

*

निफाडहून

मी मोठ्या गाडीच्या बाजूने बोलणार आहे. आपली द्राक्षबाग नदीकाठच्या काळ्या जमिनीत आहे. पाऊस पडला की रस्ता राहतच नाही. काळी माती चाकाला धरते, मडगार्डमध्ये थापाच्या थापा बसतात, चाक फिरतं पण गाडी जागची हलत नाही. आधीच्या लहान गाडीला दोनदा ट्रॅक्टर लावून ओढलं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डावणी रोगाच्या भीतीने दिवसातून दोन-दोन वेळा बागेत जावं लागतं. तेव्हा "रस्ता वाळू दे, मग जाऊ" असं म्हणता येत नाही.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी घेतली, त्याला सहा वर्षं झाली. दोन पावसाळ्यांपूर्वी वडिलांच्या छातीत रात्री दोन वाजता दुखायला लागलं. शिवारातल्या वस्तीपासून डांबरी रस्ता दीड किलोमीटर आणि आदल्या दिवशी धो-धो पाऊस झालेला. लो गिअर टाकला, गाडी चिखल कापत बाहेर आली आणि पाऊण तासात आम्ही नाशिकच्या दवाखान्यात होतो. वडील आज बरे आहेत. त्या रात्रीचा हिशेब मी ॲव्हरेजमध्ये करू शकत नाही.

पण एक खरं सांगतो. गावात काही जणांनी नुसतं बघून मोठी गाडी घेतली आणि द्राक्षाचा हंगाम वाया गेल्यावर फायनान्सवाल्याने ओढून नेली. व्यापारी दारातली गाडी बघून भाव देत नाही, घडाची साखर आणि मण्याची जाडी बघून देतो. गरज असेल तरच घ्या, आणि पीक हातात आल्यावर घ्या, पीक झाडावर असताना नको.

*

कुडाळहून

मी प्राथमिक शाळेत शिकवते. घरापासून शाळा १९ किलोमीटर. त्यातला शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि मधून जेमतेम एक गाडी. समोरून रिक्षा आली तर कुणीतरी एकाने मागे जायचं. माझी सेकंड हँड अल्टो आहे, पाच वर्षं झाली.

नवऱ्याच्या मनात मोठी गाडी होती. सासऱ्यांनी एकच वाक्य बोलून विषय संपवला, "मोठी गाडी घेतलंस तर ती रस्त्यारच ठेवूची लागतली." खरंच आहे. आमच्या बेड्यातून, म्हणजे आवाराच्या वाटेवरच्या फाटकातून, लहान गाडीच कशीबशी आत येते, तीही आरसे मिटून. गणपतीत मुंबईहून पाहुणे येतात, त्यांच्या रुंद गाड्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे उभ्या असतात आणि सामान डोक्यावरून येतं. आरतीच्या वेळी कुणाला तरी गाडीकडे बघायला पाठवतात.

आंबोली घाटात धुकं असताना लहान गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडते, हे कबूल. चौघं आणि सामान असेल तर एसी बंद करावा लागतो. पण मी वर्षातून तीनदा आंबोली चढते आणि सव्वादोनशे दिवस शाळेत जाते.

*

ठाण्याहून

थोडक्यात लिहितो. आमच्या इमारतीत स्टॅक पार्किंग आहे, म्हणजे गाड्या एकावर एक लावतात. माझ्या वाट्याला आलेला पॅलेट (गाडी उभी करायचा लोखंडी तक्ता) खालच्या रांगेतला, उंची कमी. स्विफ्ट दीड मीटर उंच, ती आरामात जाते. फॉर्च्युनर १.८ मीटरच्या वर आणि दोन टनांहून जड. गाडी बुक केल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी कळवलं की ती आत लावता येणार नाही. बुकिंगचे पैसे परत मिळवायला तीन महिने लागले. आधी टेप घेऊन पार्किंग मोजा, मग शोरूममध्ये जा.

*

छत्रपती संभाजीनगरहून

मी ड्रायव्हर आहे, मालकांच्या गाड्या चालवतो. बावीस वर्षं झाली. इनोव्हा, फॉर्च्युनर, जर्मन गाड्या, सगळ्या हाताखालून गेल्यात. माझ्या स्वतःच्या घरी वॅगनआर आहे, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण सुरू झाला. तिथे १२० ची मर्यादा आहे. मोठी गाडी १२० ला जमिनीला धरून चालते, मागे मालक झोपून जातात. माझी वॅगनआर ९०च्या वर गेली आणि बाजूने व्हॉल्वो निघाली की अंगावर वारा येतो, स्टिअरिंग हातात जाणवतं. म्हणून मी ९०च्या आत राहतो आणि डावी लेन सोडत नाही. लांबच्या प्रवासात मोठी गाडी माणसाला कमी दमवते. मी पाठीने हे अनुभवलंय. आठ तासांनंतर लहान गाडीतून उतरलो की कंबर सरळ करायला वेळ लागतो.

पण खर्चही मीच बघतो, कारण बिलं माझ्या हातून जातात. मोठ्या गाडीच्या एका टायरच्या पैशात माझ्या गाडीचे चारही टायर येतात. टोल मात्र दोघींना सारखाच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ३२० रुपये, मग वॅगनआर असो की चाळीस लाखांची.

आणि गाडी कोणतीही असो, समृद्धीवर चढण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा. काँक्रीटवर उन्हाळ्यात टायर तापतो आणि जुना टायर फुटतो. मी फुटलेले पाहिलेत, आतली माणसंही पाहिलीत. मालक घाई करत असले तरी मी पंपावर पाच मिनिटं थांबतोच.

*

कोल्हापूरहून

मी नऊ वर्षं जुनी परदेशी लक्झरी एसयूव्ही घेतली होती. नवीन असताना ६० लाखांच्या पुढची, मला १४ लाखांत मिळाली. आतलं लेदर, दार बंद होताना येणारा तो जड आवाज, रंकाळ्यावर चक्कर मारली की लोक वळून बघायचे. चार महिने फार आनंदात गेले.

मग एका सकाळी गाडी मागून बसलेली दिसली. दमलेली म्हैस बसते तशी. एअर सस्पेन्शन गेलं होतं. स्प्रिंगच्या जागी हवेचे फुगे असतात, रबर जुनं झालं की ते चिरतात. दोन्ही बाजूंचे फुगे आणि कॉम्प्रेसर मिळून अडीच लाखांच्या वर खर्च सांगितला. शहरात हे काम करणारा कुणी नाही, गाडी फ्लॅटबेडवर पुण्याला न्यावी लागली. गाडीची किंमत पडते, पण तिच्या पार्टची किंमत पडत नाही, हे मला तेव्हा कळलं. वर्षाच्या आत साडेसात लाखांना विकली. बायकोने एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, त्याचंच मला जास्त लागलं. ते पैसे मुलीच्या ॲडमिशनसाठी ठेवलेले होते.

*

सांगलीहून

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. अपघाताचे रुग्ण रोज पाहते, म्हणून "मोठी गाडी म्हणजे सुरक्षित" या समजाबद्दल लिहिते. वजनाचा फायदा असतो, नाही असं नाही. पण उंच गाडी वेगात एकदम वळवली तर कलंडते, आणि मागच्या सीटवर बेल्ट न लावलेला माणूस पुढच्या माणसाच्या मानेवर आदळतो, मग गाडी कितीही महाग असो. माझ्याकडे येणाऱ्या, मागे बसलेल्या जखमींपैकी बेल्ट लावलेले मी बोटांवर मोजू शकते.

चार मीटर लांबीच्या आतली नेक्सॉन २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये, म्हणजे गाडी आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या चाचणीत, पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये डिझायरलाही पाच तारे मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅप सुरू आहे. म्हणजे आता सुरक्षितता चाळीस लाखांनाच मिळते असं राहिलेलं नाही. मात्र सगळ्याच लहान गाड्यांना हे लागू नाही, काहींचे तारे फार कमी आहेत. म्हणून ॲव्हरेज विचारता तसे तारेही विचारा, सहा एअरबॅग आणि ईएससी आहे का ते बघा. ईएससी म्हणजे निसरड्यावर गाडी घसरू लागली तर एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी व्यवस्था. मी स्वतः चार मीटरच्या आतलीच गाडी घेतली आणि मागच्या तिघांनी बेल्ट लावल्याशिवाय ती सुरू करत नाही.

*

पुन्हा कोथरूडहून

सगळं दोनदा वाचलं. निफाडच्या दादांचा अनुभव वाचताना घशात आलं. माझी तशी गरज नाही, हेही त्याच वेळी लख्ख कळलं. चिंचवडचं वाचून मी वहीत महिनाभर रोजच्या फेऱ्या लिहिल्या. ३० दिवसांत २३ दिवस गाडीत मी एकटा किंवा मी आणि मुलगा होतो. पाच माणसं फक्त दोनदा बसली. सर्वांत लांबची फेरी सासवडची. रोजचं अंतर नऊ किलोमीटर, म्हणजे डिझेल तिथेच बाद झालं.

मुलाला वही दाखवली. तो हिरमुसला. मी त्याची समजूत घालत बसलो नाही, त्याची इच्छा खोटी नव्हती. दिवाळीत कोकणात जायला मोठी गाडी चार दिवस भाड्याने घ्यायची, असं दोघांनी मिळून ठरवलंय. तो पुढे बसणार.

आता चार मीटरच्या आतल्या, पाच ताऱ्यांच्या दोन गाड्या नक्की केल्यात. शनिवारी आईला घेऊन जातोय. दोन्हींत तिला पुढे आणि मागे, चारदा बसवून उतरवून बघणार. काठी बरोबर नेणार आहे. सीट आणि दाराच्या मध्ये ती उभी राहते का, तेही बघायचंय.