मदत हवी आहे : मासळीच्या आइसबॉक्सचा वास काढून त्यात सिगार ठेवायच्या आहेत

खाडीपल्याड

मंडळी, नमस्कार.

धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे. या खेपेला सुट्टीवर आला तो सिगारचे खोके घेऊनच. थोड्या दिवसांत परत जहाजावर जाईल, आणि उरलेल्या सिगार सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी स्वतः ओढत नाही. (बायको म्हणते, म्हणूनच तुमच्याकडे दिल्या.)

सिगार ठेवायची खास लाकडी पेटी मिळते, पण तिची किंमत ऐकून मी विषय बदलला. भावाचं म्हणणं, बाहेर बरेच शौकीन जाड भिंतीचा आइसबॉक्सच वापरतात. झाकण घट्ट बसतं, आतलं तापमान एकदम वरखाली होत नाही, खर्चही कमी. तसा दणकट आइसबॉक्स आमच्याकडे आहे. पण तो वर्षानुवर्षं हर्णैच्या लिलावातून मासळी आणायला वापरलाय. बांगडा, सुरमई, कोलंबी, सगळं त्यातूनच. सध्या मासेमारी बंदी असल्यामुळे ३१ जुलैपर्यंत रिकामाच पडून आहे.

भांड्याच्या साबणाने घासला. खायचा सोडा पाण्यात कालवून रात्रभर ठेवला. पावसाने उघडीप दिली तसा उन्हातही ठेवला. उघडा असताना काही जाणवत नाही. झाकण लावून ठेवला आणि सकाळी उघडला की अख्खं बंदर घरात.

हा वास खरंच जाईल, की नवीन पेटी घेऊ? आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हा उद्योग करावा का? अगरबत्ती, कापूर, सुगंधी फवारे कृपया सुचवू नका. तंबाखू आजूबाजूचा कुठलाही वास ओढून घेते, असा भावाने आधीच दम दिलाय.

ताडमाड

आधी वास बसलाय कुठे ते शोधा. आतल्या गुळगुळीत भिंतींवर सहसा फारसं काही उरत नाही. झाकणाची रबरी पट्टी निघत असेल तर काढा आणि त्याखालची खाच बघा. खवले आणि वाळलेला चिकटा तिथे हमखास सापडतो. तळाचं बूच काढून त्याच्या नळीत जुना टूथब्रश फिरवा. बिजागरीच्या फटी राहिल्याच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतल्या प्लास्टिकला कुठे तडा आहे का ते पाहा. दोन भिंतींच्या मध्ये फोम असतो. मासळीचं पाणी तड्यातून त्या फोममध्ये झिरपलं असेल तर मग कितीही धुवा, उपयोग नाही. ती पेटी मासळीलाच ठेवा. आणि कोणी सांगितलं तरी उकळतं पाणी ओतू नका. प्लास्टिक जरा जरी वाकलं तरी झाकण नीट बसणार नाही, आणि तुमचं सगळं काम त्या झाकणावर आहे.

आंबटगोड

सोड्याने वास गेला नाही यात नवल नाही. मासळीचा जो ठरावीक वास असतो तो मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइनचा. समुद्रातल्या माशांच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असतं, त्याला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्यापासून हे अमाइन बनवतात. ते अल्कधर्मी आणि खायचा सोडाही अल्कधर्मी, मग एकाने दुसऱ्याचं काय वाकडं होणार? नासलेल्या दुधाच्या वासावर सोडा चालतो, कारण तिथे आम्लं असतात. इथे उलटं आम्ल लागतं. आम्लाशी गाठ पडली की अमाइनचा क्षार होतो, तो हवेत उडत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो. मासे साफ केल्यावर हाताला लिंबू किंवा कोकम चोळतात ते यासाठीच.

पण पेटीत कोकमाचं आगळ (रस) ओतू नका, डाग पडतील. साधं पांढरं व्हिनेगर घ्या. क्रम मात्र पाळा. बांगडा तेलकट मासा, त्याचं तेल प्लास्टिकवर बसतं आणि खवट होतं. त्यामुळे आधी कोमट पाणी आणि साबण. तेलाचा थर गेला की मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. जुनी सुती फडकी त्यात भिजवून आतून भिंतींना चिकटवा आणि काही तास तशीच राहू द्या. रबरी पट्टी आणि बूच त्याच पाण्यात बुडवून ठेवा. मग साध्या पाण्याने धुऊन, झाकण उघडं टाकून पूर्ण वाळवा. व्हिनेगरचा वास आपोआप उडतो.

ब्लीचिंग पावडर वापरायचा मोह होईल. ती आणि व्हिनेगर एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, त्यामुळे हे दोन्ही एकाच दिवशी घरात काढूसुद्धा नका.

एवढं करूनही थोडा वास उरला तर ॲक्टिव्हेटेड कार्बन. मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. तो बऱ्याचदा नारळाच्या करवंटीचाच असतो, म्हणजे आपलाच माल आपण विकत घ्यायचा. वाटीत घालून पेटीत ठेवा आणि झाकण लावून आठवडाभर विसरा. चुलीतला कोळसा त्या मानाने फारच कमी वास शोषतो. कॉफी पावडर अजिबात नको. वास जात नाही, फक्त बदलतो, आणि मग सिगार कॉफीच्या होतात.

रापणकार

अरे बाबा, मासळीची पेटी मासळीकच बरी. सिगारींक नवीन घे आणि मोकळो हो. ऑगस्टात बांगडो कित्यात आणतलंस?

आंबटगोड

नव्या पेटीलाही प्लास्टिकचा वास असतो, रापणकार. तीसुद्धा आठवडाभर उघडी ठेवावीच लागते.

आणि हो, वास गेला की नाही हे स्वतःच्या नाकाला विचारू नका, ते सरावलेलं असतं. बिनमिठाचं लोणी वाटीत घालून रात्रभर बंद पेटीत ठेवा. स्निग्ध पदार्थ वास पटकन धरतो. सकाळी ते लोणी पेटीबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला चाखायला द्या.

धुरकट

वासाचं झालं, आता खऱ्या संकटाकडे या. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान मानवतं. इंटरनेटवर जे वाचाल ते बहुतेक कोरड्या, थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. त्यांची सगळी धडपड पेटीत ओलावा घालायची. जुलैत आपल्याकडे बाहेरच ८५-९० टक्के असतात. म्हणजे तुम्हाला ओलावा बाहेर ठेवायचाय. पाण्याची वाटी, ओला स्पंज असलं काही ठेवलंत तर बुरशी ठरलेली.

आर्द्रता दोन्ही बाजूंनी सांभाळणारी पाकिटं मिळतात, जास्त झाली तर शोषतात, कमी झाली तर सोडतात. आपल्या हवेला ६५ टक्क्यांची घ्या. साधी सिलिका जेल नको, ती नुसतीच सुकवत जाते. बाकी, पेटी उगाच उघडू नका. दर वेळी झाकण उचललं की बाहेरची दमट हवा आत जाते.

ऊन हा दुसरा शत्रू. एप्रिल-मेमध्ये खोली तिशीच्या वर जाते आणि तंबाखूतल्या किड्याची अंडी उबतात. आइसबॉक्स स्वतः काही गार करत नाही, चढउतार मंदावतो इतकंच. त्यात बर्फाची बाटली ठेवलीत तर तिला पाणी सुटेल. जांभ्याच्या जाड भिंतींचं जुनं घर असेल तर माजघराच्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवा. किड्याची धास्ती असेल तर सिगार हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर. थेट बाहेर काढल्या तर वरचं पान तडकतं. नेहमीसाठी फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे त्या सुकतात आणि कालच्या कालवणाचा वासही धरतात.

खाडीपल्याड

सगळ्यांचे आभार, विशेषतः आंबटगोड यांचे. तडा नाही. रबरी पट्टीखाली मात्र जे निघालं त्याचं वर्णन जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी टाळतो. व्हिनेगरने जादूच केली. लोण्याची परीक्षा घेतली. भाऊ काही न बोलता पोळीबरोबर खाऊन गेला, आईने मात्र "लोणी कधीचं आहे रे?" असं विचारलं. आईचं नाक प्रमाण मानून कार्बन ठेवला. आता तीही काही म्हणत नाही.

रापणकार, बांगड्यासाठी दुसरी पेटी घेणार आहे, काळजी नसावी.

शेवटचं एक. आत लाकूड लावतात म्हणे. गावातला सुतार देवदारच्या फळ्या द्यायला तयार आहे. लावू का?

धुरकट

देवदार नको! नावाच्या गोंधळात पडू नका. सिगारसाठी जे स्पॅनिश सीडर वापरतात ते सीडर नव्हेच, ते कडुनिंब आणि महोगनीच्या कुळातलं झाड. देवदार हा सूचिपर्णी वृक्ष. त्याच्या तेलाचा वास उग्र, सिगार त्याच वासाच्या होतील. आपल्याकडचा तून हा स्पॅनिश सीडरचा जवळचा नातेवाईक, पण गावात मिळणारी फळी पुरेशी मुरलेली असेलच असं नाही. ओलं लाकूड पेटीतली आर्द्रता बिघडवेल.

सिगार मुळात लाकडी खोक्यांत आल्या असतील तर ते खोके तसेच आत ठेवा, लाकडाचं काम झालं. आर्द्रतामापक घेतलात तर आधी तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चिखल होईल इतकंच पाणी घाला आणि मापकासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवा. जितका फरक असेल तितका पुढे प्रत्येक आकड्यात धरून चाला.

खाडीपल्याड

खोके लाकडीच आहेत. मग सुताराला नाही म्हणून सांगतो. मापक आणि पाकिटं दापोलीत मिळाली नाहीत, पुण्याहून मागवली आहेत.